डोंगराचा आकडा

बदलापूर स्टेशनच्या पुलावर पावसाळ्यातल्या संध्याकाळी उभे राहिले की नैर्ऋत्येला डोंगरांची रांग दिसते. चंदेरीचा सुळका, नवरा-नवरी, पलीकडे मलंगगड. दिसते म्हणजे ढगांच्या मनात असेल तर. जुलैत बहुधा नसतेच. नुसता करडा पडदा असतो आणि त्याच्या आडून थोड्या थोड्या वेळाने विमानाची घरघर ऐकू येते. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम. विमानाला उतरताना वारा समोरून लागतो आणि मुंबईचा वारा समुद्राकडून येतो. म्हणून बहुतेक विमाने घाटाच्या बाजूने, आमच्या या डोंगरांवरून, समुद्राकडे तोंड करून खाली येतात. पुलावरच्या गर्दीचे डोळे इंडिकेटरवर. कर्जत लोकल किती लेट आहे हा प्रश्न समोर असताना वर कोण चालले आहे याची पत्रास कोण ठेवतो?

हिशेब मात्र करून पाहण्यासारखा आहे. उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येते, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे पावणेदोनशे फूट खाली. मलंगगड धावपट्टीपासून हवेतल्या सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. तेव्हा गडाच्या बाजूने जाताना विमान पाच हजार फुटांच्या आसपास असले पाहिजे. गडाचा माथा अडीच हजार फुटांच्या थोडा वर, माथेरानही जवळपास तेवढेच. मध्ये उरते ती अडीचेक हजार फूट मोकळी हवा. ढगात काही दिसत नसताना ती हवा राखायची, म्हणजे सांगितलेली उंची धरून ठेवायची. ऐकायला सोपे आहे. पण घाटकोपरपासून जुन्नरपर्यंतच्या डोंगरांना या एका कामातल्या चुका चांगल्या ठाऊक आहेत.

सुरुवात छोट्या विमानापासून करावी लागते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. विमान पस मॉथ, एका इंजिनाचे, कापडाने मढवलेले. अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून आले होते. जुहूहून पुढे तेच टपाल नेव्हिल व्हिंटसेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले, म्हणजे या देशी हवाई टपालाला पहिल्याच फेरीत सह्याद्री ओलांडावा लागला. पस मॉथमध्ये ना रेडिओ होता, ना ऑटोपायलट. उंची धरायची ती दांड्यावरच्या हाताने आणि अल्टिमीटरच्या काट्यावरच्या डोळ्याने. हात अवघडला की विमान पन्नास फूट वर, डुलकी लागली की शंभर फूट खाली.

जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, म्हणून टाटांची विमाने तेवढे महिने पुण्याला मुक्काम हलवत. कारण चिखलाचे होते, पण त्यातून आपोआप एक शहाणपण साधले: ढगांच्या दिवसांत घाट उतरून खाली यायचेच नाही. पुढे पक्क्या धावपट्ट्या झाल्या, विमाने बारमाही झाली आणि ती सवलत संपली.

हात मोकळा करणारे यंत्र तोवर परदेशात निघाले होते. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या एकवीस वर्षांच्या अमेरिकन पोराने उडत्या विमानात दोन्ही हात डोक्यावर धरून दाखवले. त्याचा मेकॅनिक एमिल काशँ तेवढ्यात पंखावर चालत गेला आणि विमान तरीही कलंडले नाही. खालच्या परीक्षकांनी तोंडात बोटे घातली असतील. करामत जायरोस्कोपची. जोरात फिरणारा भोवरा आपला कणा सहसा कलू देत नाही, त्याच गुणाचा हा उपयोग. १९३३ मध्ये वायली पोस्ट स्पेरीचेच यंत्र सोबत घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, आठ दिवसांच्या आत.

पण भोवऱ्याला कल कळतो, उंची कळत नाही. पुढची सगळी गोष्ट या उणिवेतून निघते.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न आमच्या दारात आला. कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेवाळीला इंग्रज सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विमानतळ केला. कल्याणजवळ सैन्याची भली मोठी छावणी होतीच. गडाच्या पायथ्याशी धावपट्टी काढायची, हे धाडस युद्धातच सुचते. ब्रिटिश वैमानिक ऑटोपायलटला लाडाने ‘जॉर्ज’ म्हणत. जॉर्ज पंख झुकू देत नसे, दिशा सोडत नसे, नाक वरखाली होऊ देत नसे. मात्र हवेचा झोत खाली बसू लागला तर जॉर्ज नाक अगदी सरळ ठेवून विमान त्या झोताबरोबर खाली जाऊ देई. त्याच्या लेखी सगळे ठीकच असे. काट्यावर नजर ठेवून बटण थोडे थोडे फिरवत राहण्याचे काम वैमानिकाचे. लांबच्या फेरीत जॉर्जवर भरवसा टाकून डोळा मिटणे किती महाग पडेल, हे त्या पिढीला सांगावे लागत नसे.

पुढे ऑटोपायलटला दाबाची डबी जोडली गेली. आतली हवा काढलेली धातूची पातळ डबी बाहेरचा दाब घटला की फुगते, वाढला की आक्रसते. घरातल्या भिंतीवरच्या जुन्या हवामापकात हीच असते आणि अल्टिमीटरच्या पोटातही हीच. वैमानिकाने बटण दाबले त्या क्षणीचा दाब यंत्र लक्षात ठेवते. विमान त्याहून खाली गेले की शेपटीचा पंख हलवून नाक उचलते, वर गेले की नाक पाडते. याचे नाव अल्टिट्यूड होल्ड. नावात उंची आहे, पण यंत्र धरून ठेवते तो दाब. उंची हा आपण त्यावरून काढलेला अर्थ.

आता १९४९ साल. जानेवारीच्या अखेरीस देशात रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात भेटत, पिशव्यांची अदलाबदल करून परत फिरत. मुंबईच्या विमानाला जाताना घाट चढायचा आणि पहाटे परतताना तोच घाट अंधारात उतरायचा. रोज. डाकोटाच्या त्या वैमानिकांवर मराठीत फारसे कोणी लिहिले नाही. टपाल वेळेवर मिळाले की पोस्टमन आठवतो, पायलट नाही.

त्याच वर्षी १२ जुलैला केएलएम कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान बाताव्हियाकडून ॲमस्टरडॅमला जाताना मुंबईत उतरण्याच्या तयारीत होते. पाऊस होता, ढग खाली आले होते. घाटकोपरच्या टेकडीवर ते आदळले. टेकडी ६७४ फुटांची. सह्याद्रीच्या हिशेबात ती टेकडीसुद्धा नव्हे, उंचवटा. विमानातले ४५ जण गेले. त्यांत इंडोनेशियाचा दौरा करून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार होते आणि पुलित्झर पारितोषिक मिळवलेले एच. आर. निकरबॉकर त्यांतले एक. बर्लिन आणि मॉस्कोहून बातम्या पाठवणारा माणूस घाटकोपरच्या चिखलात संपला.

या अपघातानंतर चार आठवड्यांच्या आत, ८ ऑगस्ट १९४९ रोजी, कल्याणच्या त्या लष्करी छावणीत गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि उल्हासनगर हे नाव रूढ झाले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे तिथल्या बराकींत राहत होती. युद्ध संपले, सैन्य गेले, कॅम्प नंबर एक ते पाच ही नावे तेवढी उरली. आजही रिक्षावाला ‘कुठला कॅम्प?’ असेच विचारतो. एका युद्धाच्या छावणीतून एक शहर निघाले आणि त्याच युद्धाच्या धावपट्टीवर गवत वाढू लागले.

उल्हासनगरचा विषय निघाला म्हणून सांगतो. इथल्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आता इतका जुना झाला आहे की त्यावर सिंधीच जास्त हसतात. कॅम्पातल्या एखाद्या घड्याळजीसमोर अल्टिमीटर उघडून ठेवला तर तो दहा मिनिटांत म्हणेल, हे तर घड्याळच. डबी, तरफा, दातेरी चाके, काटे. फक्त एक खिडकी जास्तीची, आणि त्या खिडकीत सगळी मेख आहे. तिथे त्या दिवसाचा समुद्रसपाटीवरचा दाब फिरवून लावायचा असतो. वैमानिक त्याला क्यूएनएच म्हणतात. वर, लांबच्या प्रवासात सगळेच १०१३ मिलिबार हा प्रमाण दाब लावतात, म्हणजे एकमेकांत अंतर राहते. खाली येताना तो बदलून स्थानिक दाब लावायचा. मुंबईत जुलैचा दाब १००३-१००४ च्या आसपास असतो. एका आकड्यामागे सत्तावीस-अठ्ठावीस फूट. कोणी १०१३ बदलायला विसरला, तर काटा दाखवेल त्याहून विमान पावणेतीनशे फूट खाली असेल. काटा खोटे बोलत नाही, त्याला विचारलेला प्रश्न चुकलेला असतो. आणि अल्टिट्यूड होल्ड ती चुकीची उंची अगदी इमानेइतबारे धरून ठेवेल, एक फूट इकडे नाही की तिकडे नाही.

१९६२ ची चूक मात्र दाबाची नव्हती, जागेची होती. अलितालियाचे डीसी-८ जेट सिडनीहून डार्विन, सिंगापूर, बँकॉक करत मुंबईकडे येत होते. पुढे कराची, तेहरान, रोम. ७ जुलैची मध्यरात्र नुकतीच उलटलेली. विमानात ९४ माणसे. वैमानिकाने मुंबईला आपण खाली येत असल्याचे कळवले आणि उंची सोडत सोडत ३६०० फुटांवर आणली. विमान जुन्नरच्या डोंगरात दावंड्याच्या टेकडीवर आदळले, मुंबईच्या ईशान्येला ८४ किलोमीटरवर. कोणीही वाचले नाही. चौकशीचा निष्कर्ष असा: आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत असे वैमानिकाला वाटले, म्हणून तो वेळेआधी खाली आला. दिशा आणि अंतर ताडून पाहायची जी साधने हाताशी होती ती त्याने पुरती वापरली नाहीत, सुरक्षित किमान उंचीची मर्यादा ओलांडली, आणि वाटेतला मुलूख त्याच्या ओळखीचा नव्हता.

सुरुवातीचा तीन अंशांचा हिशेब इथे लावून पाहा. ८४ किलोमीटरवर असलेल्या विमानाची उंची चौदा हजार फुटांच्या वर हवी होती. उलट बाजूने पाहिले तर ३६०० फूट ही उंची धावपट्टीपासून एकवीसेक किलोमीटरवर शोभते, म्हणजे शिळफाट्याच्या आसपास. तिथे ती बिनचूक ठरली असती. बदलापूर, अंबरनाथ मागे पडलेले, मलंगगड मागे पडलेला, समोर खाडी आणि दिवे. आकडा बरोबर होता, तो साठ किलोमीटर आधी वापरला गेला. जुन्नरच्या लोकांनी त्या पावसात डोंगर चढून काय पाहिले असेल, ते चौकशीच्या कागदांत मावणारे नाही.

उंची धरणारे यंत्र कसे हुलकावणी देते, याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण डोंगराशिवाय घडले. २९ डिसेंबर १९७२, अमेरिकेत मायामीजवळ एव्हरग्लेड्सची दलदल, रात्र. ईस्टर्न एअरलाइन्सच्या ट्रायस्टार विमानाच्या पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. ऑटोपायलटला दोन हजार फूट धरायला सांगून कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. गडबडीत दांड्याला धक्का लागला आणि उंचीची पकड सुटली, इतकी अलगद की कोणाच्या लक्षात आले नाही. विमान हळूहळू उतरत दलदलीत गेले. १०१ जणांचा जीव गेला, आणि तपासात निघाले काय, तर बल्ब जळला होता. या गोष्टीवर नव्या वैमानिकांचे एक आख्खे लेक्चर होते.

दोन वर्षांनी, १ डिसेंबर १९७४ रोजी, वॉशिंग्टनला उतरणारे टीडब्ल्यूएचे जेट डोंगरावर आदळले. तेही वेळेआधी खाली आलेले, जुन्नरचेच भावंड. त्यानंतर अमेरिकेने मोठ्या विमानांना जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे केले. डॉन बेटमन या इंजिनिअरने त्यासाठी वर्षानुवर्षे खपून काम केले होते. हे यंत्र रेडिओलहरी खाली सोडून जमिनीपर्यंतचे खरे अंतर मोजते आणि वेळ आली की ‘पुल अप’ म्हणून ओरडते. पहिल्या पिढीतले यंत्र नुसते पायाखाली पाही. समोर चंदेरीसारखा उभा कडा असेल तर त्याला तो उशिरा कळे. डोंगरांचा नकाशा पोटात घेतलेले यंत्र नव्वदच्या दशकात आले.

भारतात ते सगळे येईपर्यंत एक ऑगस्ट उरला होता. ४ ऑगस्ट १९७९ च्या रात्री इंडियन एअरलाइन्सचे पुण्याहून मुंबईला येणारे ॲव्रो पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले. ४५ जण होते, कोणी वाचले नाही. पुणे-मुंबई हवेतून किती दूर? चढून सरळ होतो न होतो तोच उतरायला लागायचे. दख्खनच्या पठारावरून निघायचे, घाटाचा कडा ओलांडायचा आणि लगेच समुद्रसपाटीला यायचे, तेही पावसात, काळोखात. या मार्गावर उंची सोडण्याची घाई ही मार्गाच्या आखणीतच आहे. विमानात नसताना मीही खंडाळ्याच्या धुक्यात, डेक्कन क्वीनच्या दारात उभा राहून, या विचाराने दोन पावले आत सरकलो आहे.

छोट्या विमानांकडे परत येऊ. १९२८ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब जुहूचा. जे. आर. डी. तिथलेच, आणि भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांचा, १० फेब्रुवारी १९२९ चा. आता क्लबचे शिकाऊ वैमानिक धुळ्याला उडतात. गोंदिया, बारामतीलाही शाळा आहेत. एका इंजिनाच्या, दोन-चार माणसांच्या विमानातही आता ऑटोपायलट सर्रास असतो. साधा असेल तर नुसते पंख समतल ठेवतो, जॉर्जच्या धाकट्या भावासारखा. बरा असेल तर अल्टिट्यूड होल्डचे बटण असते. शिकवणारा आधी सगळे हाताने करायला लावतो: विमान सरळ कर, वेग स्थिर होऊ दे, ट्रिमचे चाक फिरवून दांड्यावरचा जोर काढून टाक, मग बटण दाब. उलटे केले तर विमान उंचीसाठी हिसके देत राहते आणि मागे बसलेल्याचा नाश्ता धोक्यात येतो. काही विमानांत अल्टिमीटरच्या खिडकीत लावलेला दाब ऑटोपायलटला आपोआप कळत नाही, तो त्याला वेगळा सांगावा लागतो. एकाच डॅशबोर्डवर दोन दाब, दोन उंच्या. १९४९ ची घाटकोपरची टेकडी ६७४ फुटांची होती हे लक्षात घेतले की पावणेतीनशे फुटांची किंमत कळते.

सह्याद्रीला शोभणारा धोका आणखी वेगळा. पावसाळी पश्चिमी वारा घाटाच्या भिंतीवर आपटतो, वर चढतो, ढग होऊन कोकणात कोसळतो. पाणी इकडे टाकून आलेला हाच वारा कडा ओलांडला की पलीकडे खाली झेपावतो. त्या उतरत्या हवेत छोटे विमान शिरले तर ऑटोपायलट काय करेल? त्याला एवढेच ठाऊक की उंची घटते आहे. तो नाक उचलेल. आणखी घटली, आणखी उचलेल. छोट्या विमानात थ्रॉटल त्याच्या ताब्यात नसतो, इंजिनाचा जोर वाढवणे माणसाचे काम. नाक वर आणि जोर तोच, म्हणजे वेग कमी होत जाणार. अल्टिमीटर मात्र एकदम शांत, काटा जागेवर, बघणाऱ्याला वाटावे सगळे छान चालले आहे. मग पंखांवरची हवा सुटते आणि विमान पडू लागते. म्हणून डोंगराळ हवेत शहाणा वैमानिक उंचीपेक्षा वेगाच्या काट्याकडे जास्त पाहतो आणि झोत दांडगा असेल तर बटण सोडून दांडा हातात घेतो. पाच-पन्नास फूट गेले तर जाऊ देतो. पस मॉथवाले तेच करत, त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते.

प्रत्येक विमानतळाला समुद्रसपाटीपासूनचा एक आकडा असतो. मुंबईचा ३९ फूट. निघण्यापूर्वी जमिनीवरच खिडकीत दाब लावायचा आणि काट्याने तो आकडा दाखवला तर काटा खरा मानायचा. नेवाळीच्या धावपट्टीलाही युद्धात असा आकडा असणार, आणि मलंगगडाच्या सावलीत उभ्या असलेल्या विमानांत कोणी तो रोज ताडून पाहत असणार. पुढे जमीन संरक्षण खात्याकडे राहिली. नवी मुंबईच्या विमानतळाचा वाद पेटला तेव्हा पर्याय म्हणून कल्याणच्या या जागेचे नाव निघाले आणि मागे पडले. नौदलाने तिथे कुंपण घालायला घेतल्यावर २२ जून २०१७ रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गाड्या पेटल्या, छऱ्यांच्या बंदुका चालल्या, दोन्हीकडचे जखमी झाले. युद्धापुरती म्हणून घेतलेली जमीन परत द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. तिथल्या म्हाताऱ्यांना नेवाळीचा एकच आकडा पाठ आहे, आणि तो सातबाऱ्यावरचा आहे.